धावणाऱ्यांच्या पाठीशी कोण?

मोठ्या शहरांतून ‘धावणे’ या शब्दाला अलीकडे मोठी प्रतिष्ठा आली आहे. तिथे धावणाऱ्यांचे गट असतात, एकसारखे टी-शर्ट असतात, छातीवर क्रमांक असतो, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ असते आणि शर्यत संपली की गळ्यात पदक पडते. यात वावगे काही नाही. माणसे घराबाहेर पडून घाम गाळत असतील तर त्यांचे कौतुकच केले पाहिजे. आमच्या गोंदिया जिल्ह्यातही धावणाऱ्यांचा एक मोठा समुदाय आहे, पण त्याला समुदाय असे कुणी म्हणत नाही. आमगाव, सालेकसा, देवरी, तिरोडा, अर्जुनी मोरगाव, कुठल्याही तालुक्यात पहाटे साडेचार-पाचला डांबरी रस्त्यावर उभे राहा. अंधारातून दोघे-दोघे, चौघे-चौघे धावत येताना दिसतील. त्यांत मुली असतील. त्यांच्या अंगावर क्रमांक नसतो, पायांत असलेच तर बाजारातले स्वस्त बूट असतात. ‘काय करता रे?’ असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘भरतीची तयारी करून राहिलो.’

ही भरती म्हणजे पोलीस भरती, सैन्य भरती, वनरक्षकाची भरती. धानाची कोरडवाहू शेती, तीही दोन-चार एकरांची, आणि भावंडांत वाटून उरलेली; अशा घरातल्या मुलाला नोकरीची जी मोजकी दारे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच दारांशी धावत जावे लागते. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. त्यातले २० गुण एकट्या धावण्याला : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलाने पाच मिनिटे दहा सेकंदांत अंतर कापले तर पूर्ण गुण. पुढे काही सेकंदांच्या फरकाने गुण उतरत जातात. सैन्याच्या भरतीतही १६०० मीटरचीच दौड असते. २०२४ साली झालेल्या पोलीस भरतीत राज्यात १७ हजारांहून अधिक जागा होत्या आणि अर्ज आले सुमारे १७ लाख. म्हणजे एका जागेसाठी शंभर अर्ज. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला कुठल्याही आकड्याखाली रेघ मारून बेरीज-वजाबाकी करण्याची खोड असते. ती करून पाहिली की कळते : पहाटेच्या रस्त्यावर दिसणाऱ्या शंभर मुलांपैकी नव्याण्णव जणांचे धावणे आपल्या समाजाच्या खतावणीत बुडीत खात्यावर जमा होणार आहे. ‘लागला’ किंवा ‘नाही लागला’, एवढ्या दोन शब्दांत आपण त्यांच्या तीन-तीन वर्षांच्या पहाटा निकालात काढतो.

मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. आणि तो चुकीचा का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. त्या स्पर्धांत खेडोपाडीची, शेतकरी घरातली मुले अनवाणी धावली. त्यांना धावण्याचे आधुनिक नियम ठाऊक नव्हते, शिक्षक नव्हता, पण त्यांच्या वेळा पाहून दोराबजी चकित झाले. ही मुले युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी खटपट केली, पैसा उभा केला, मुंबईच्या गव्हर्नरांचे साहाय्य मिळवले आणि पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटासा चमू रवाना झाला. त्यात चौगुले, दातार, कैकाडी, नवले, शिंदे अशी आपल्याकडचीच नावे होती. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. वेळ दोन तास पन्नास मिनिटे आणि काही सेकंद. शंभर वर्षांपूर्वी, परक्या देशात, परक्या हवेत! दोराबजींनी चौगुल्यांना पाय दिले नव्हते. पाय चौगुल्यांचेच होते. पण मैदानाच्या कडेला उभा राहून ‘हा मुलगा विशेष आहे’ असे ओळखणारा आणि ओळखल्यावर स्वस्थ न बसणारा माणूस तिथे नसता, तर ते पाय बेळगावच्या परिसरातच धावून थांबले असते.

पुढच्या काळातही गोष्ट हीच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत. धावण्याला साहित्य लागत नाही, मैदानाचे भाडे लागत नाही, म्हणून धावू लागलेली मुलगी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिच्या यशामागे विजेंदर सिंग या प्रशिक्षकांची नाशिकमधली वर्षानुवर्षांची मेहनत होती. सातारा जिल्ह्यातल्या माण या दुष्काळी तालुक्यातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आणि बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. घरापासून शाळा सहा किलोमीटर. बारावी झाल्यावर तो सैन्यात भरती झाला. मेडलसाठी नव्हे, नोकरीसाठी. महार रेजिमेंटचा जवान म्हणून सियाचिनची थंडी त्याने सोसली आणि त्यानंतर सैन्यातच त्याच्यातला धावपटू कुणाच्या तरी नजरेत भरला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये तो केनियाच्या विजेत्याच्या पाच शतांश सेकंद मागे राहिला. २०२३ साली हांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतले.

साबळेचे उदाहरण आपल्या जिल्ह्याने नीट वाचावे. तो आपल्या मुलांपेक्षा वेगळ्या वाटेने गेलेला नाही. तोही भरतीचाच मुलगा. म्हणजे ‘भरतीसाठी धावणे हा काही खेळ नव्हे’ असे जे आपले सुशिक्षित लोक नाक मुरडून म्हणतात, त्यात तथ्य नाही. पोटासाठी धावणारा पाय आणि पदकासाठी धावणारा पाय यांत निसर्गाने फरक केलेला नाही. फरक पडतो तो पाठीशी कुणी उभे आहे की नाही, एवढ्याने.

गोंदियातल्या मुलांच्या पाठीशी आज काय आहे? रस्ता आहे. आपला मुलूख धानाच्या बांध्यांचा. दर काही पावलांवर धुरा. पावसाळ्यात चिखल, दिवाळीपर्यंत उभे पीक, आणि त्यानंतर टणक, खडबडीत, धसकटांनी भरलेली जमीन. सपाट मोकळे मैदान या मुलखात मुळातच कमी. गावोगावी जे आखर होते, जिथे सकाळी गुरे गोळा व्हायची आणि संध्याकाळी पोरे खेळायची, ते बऱ्याच गावांत आक्रसत गेले. म्हणून मुले रस्त्यावर येतात. रस्ता कुणाचा? गोंदिया-कोहमारा रस्ता मुरदोलीच्या जंगलातून जातो, देवरीवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. तिथे धान-तांदळाच्या आणि लोखंडाच्या ट्रकांची रात्रंदिवस वर्दळ असते. हिवाळ्यात धुके. धुक्यातून काळ्या कपड्यातला मुलगा चालकाला दिसणार कसा? शिवाय डांबराच्या कठीण पृष्ठभागावर वर्षानुवर्षे धावून नडगीची हाडे आणि गुडघे दुखू लागतात, ते वेगळेच.

रस्त्यावर अंतराचाही घोळ असतो. किलोमीटरच्या दगडावरून आणि अंदाजावरून १६०० मीटर ठरतात. समजा, अंदाज पन्नास मीटरने चुकला. पाच मिनिटे दहा सेकंदांच्या गतीने पन्नास मीटरला जवळपास दहा सेकंद लागतात. गावात स्वतःला पहिल्या नंबरचा समजणारा मुलगा भरतीच्या मैदानावर दहा सेकंदांनी मागे पडतो आणि त्याला वाटते, आपले नशीबच खोटे. नशीब खोटे नसते, टेप खोटी असते.

आता एका अधिक गंभीर गोष्टीकडे वळतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, हे आपल्याला नवीन नाही. आदिवासी आणि दलित कुटुंबांत त्याचे प्रमाण अधिक, पण तो कुठल्या एका जातीचा आजार नव्हे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता चारात एक, आणि वाहक होण्याची चारात दोन. ज्याला दवाखान्यात ‘एसएस’ म्हणतात तो रुग्ण. ‘एएस’ म्हणतात तो वाहक. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो. तो शेतात राबतो, लग्न करतो, म्हातारा होतो, आणि आपण वाहक आहोत हे त्याला कधी कळतही नाही. पण अतिशय जोराचा सलग श्रम, कडक उष्मा आणि शरीरातले पाणी कमी होणे हे तिन्ही एकत्र आले, तर काही वाहकांच्या बाबतीत धोका उभा राहतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, स्नायूंना रक्त कमी पडते, स्नायू आतून तुटू लागतात आणि त्यातून मूत्रपिंडावर, हृदयावर संकट येऊ शकते. वाहकाच्या मूत्रपिंडाची पाणी धरून ठेवण्याची ताकदही कमी असू शकते, म्हणजे त्याला तहान लागण्यापूर्वीच पाण्याची गरज असते.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. अमेरिकी सैन्याचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की प्रशिक्षण घेणाऱ्या कृष्णवर्णीय नवसैनिकांत सिकलसेल वाहकांच्या आकस्मिक मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी पट अधिक होते. त्यानंतर तिथे सर्वच सैनिकांसाठी नियम बदलले : पाणी, विश्रांती, उन्हाच्या वेळा टाळणे, श्रम हळूहळू वाढवणे. २०१६ साली सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वाहकांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. स्नायू तुटण्याचा धोका थोडा अधिक होता, एवढेच. म्हणजे वाहकाला धावू देऊ नका, असा याचा अर्थ नाही. अर्थ असा, की त्याला शहाणपणाने धावू द्या. आणि हे शहाणपण सर्वांनाच लागू केले तर सर्वांचेच जीव वाचतात. प्रत्यक्ष रुग्णाची गोष्ट निराळी. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अशा श्रमात पडू नये.

आमच्या मुलांना हे कोण सांगते? जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले आणि मरण पावले. तेव्हा राज्यभर हळहळ झाली. पुढे धावण्याचे अंतर कमी झाले. पण भरतीच्या दिवशीचे अंतर कमी झाले, तरी घरी एकट्याने, उपाशी पोटी, शेजारच्या मुलाशी ईर्ष्येने केलेला सराव कमी झालेला नाही. धावताना मांड्या-पोटऱ्या एकाएकी जड पडल्या, पेटके आले, पायांतले बळ गेले, तर ‘मर्द असशील तर पुरा कर’ असे म्हणायचे नसते. तिथेच थांबवायचे असते, सावलीत न्यायचे असते, पाणी द्यायचे असते आणि बरे वाटले नाही तर दवाखाना गाठायचा असतो. एवढी एक गोष्ट प्रत्येक गावातल्या धावणाऱ्या टोळीला समजली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

सिकलसेलविरुद्ध विदर्भात काम करणारी माणसे नव्हती असे नाही. नागपूरच्या संपत रामटेके यांच्या घरातच हा आजार होता. त्यांनी घरातल्या दुःखाला बाहेरच्या कामाचे रूप दिले, सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारनेही १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आणि २०४७ ही तिची मुदत. मोहीम आहे, तपासणी आहे. अडचण अशी, की तपासणीला माणूस येत नाही. मुलगी वाहक निघाली तर सोयरीक मोडेल, ही भीती घराघरांत असते. तरुण मुले तर ‘मला काय झालंय?’ म्हणून दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

आणि नेमक्या इथे धावणाऱ्यांचा उपयोग आहे. कॅनडातल्या टेरी फॉक्सची हकिकत पुष्कळांनी ऐकली असेल. हाडाच्या कर्करोगाने त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १९८० च्या एप्रिलमध्ये हा तरुण कृत्रिम पायाने आपला अख्खा देश धावून ओलांडायला निघाला. कशासाठी? कर्करोगावरील संशोधनाला निधी मिळावा म्हणून. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर अंतर काटले. रोग फुप्फुसात पसरला म्हणून थांबावे लागले. पुढच्या वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो गेला. पण ज्या आजाराचे नाव लोक कुजबुजत घेत, त्याचे नाव त्याने भर रस्त्यावर आणले. आपल्याकडे २००४ पासून मुंबई मॅरेथॉनमध्येही माणसे निरनिराळ्या संस्थांसाठी धावतात आणि निधी उभा करतात. धावण्यात हे सामर्थ्य आहे : धावणारा माणूस निरोगीपणाचे चित्र असतो, म्हणून त्याच्या तोंडून आजाराची गोष्ट लोकांना ऐकवते. गावातला सर्वांत वेगवान मुलगा आखरावर उभा राहून म्हणाला, ‘मी एएस आहे, आणि मी पाच मिनिटांत सोळाशे मारतो’, तर तपासणीच्या दहा भाषणांनी होणार नाही एवढे काम त्या एका वाक्याने होईल.

दरवर्षी १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. त्या सुमाराला आपल्याकडे पहिला पाऊस येतो आणि हवा निवते. त्या दिवशी जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत पहाटेची एक दौड व्हावी आणि आधीच्या आठवड्यात धावणाऱ्या प्रत्येकाचे रक्त तपासले जावे. निकाल फक्त त्याच्या हातात द्यावा. नाव पुकारू नये, यादी लावू नये. आणि वाहक निघाला म्हणून कुणाला रांगेतून बाजूला काढू नये. ही अट पाळली नाही तर आपण एका आजारावर दुसरा अन्याय लादू.

बाकी मागण्या साध्या आहेत. चारशे मीटरचा पुरा ट्रॅक चार एकर जागा खातो; पण दोनशे मीटरचा फेरा सव्वा-दीड एकरात बसतो. आठ फेरे मारले की सोळाशे मीटर. पंधरा-वीस गावांत मिळून असा एक मुरुमाचा फेरा, टेपने नीट मोजलेला, रोलर फिरवलेला, कडेला पाण्याची टाकी आणि दोन दिवे. यासाठी ग्रामपंचायतीने जागा द्यावी, राइस मिलवाल्यांनी मुरूम टाकावा, शाळेने किल्ली सांभाळावी. सरकारकडे क्रीडा संकुलांच्या योजना आहेत, त्यांचा पाठपुरावा अवश्य करावा. पण संकुल होईतो आपली मुले ट्रकांच्या दिव्यांपुढे धावत राहतील, हे विसरू नये. मुलींसाठी तर असा राखीव, उजेडाचा फेरा ही सोय नसून गरज आहे. घरच्यांनी पहाटे बाहेर सोडावे यासाठी त्या घरात किती भांडल्या असतील, याचा विचार रस्ता आखणाऱ्यांनी करायला हवा.

आणि एक माणूस हवा, हातात घड्याळ घेऊन उभा राहणारा. आपल्या जिल्ह्यात सैन्यातून, पोलिसांतून, शाळांतून निवृत्त झालेली माणसे कमी नाहीत. सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा पेन्शनरांनाही घड्याळ धरता येते, वहीत वेळा मांडता येतात. नोंद ठेवणे हे तर आमचे जन्माचे काम. एखाद्या वहीत तीन महिने वेळा टिपल्या की कोण सैन्याच्या मैदानावर जाईल, कोण जिल्हा स्पर्धेत उतरवण्याजोगा आहे आणि कोणी आता पुस्तकाकडे वळावे, हे दिसू लागते. हे सांगणारे कुणी नसल्यामुळेच मुले वयाची मर्यादा संपेपर्यंत त्याच रस्त्यावर धावत राहतात.

शेवटचा प्रश्न त्या नव्याण्णव जणांचा. बारामतीजवळच्या लता करे यांचे नाव सर्वांनी ऐकले आहे. साठी ओलांडलेल्या या कष्टकरी बाई नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यातली त्यांची भूमिका राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवली गेली. आपण टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले. पण नवऱ्याच्या उपचारासाठी एका म्हाताऱ्या बाईला धावावे लागते, हा प्रश्न टाळ्यांच्या आवाजात कुठे गेला? कौतुक स्वस्त असते. जबाबदारी महाग. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांचेही आपण असेच करतो. लागला तर गावात बॅनर, गुलाल, डीजे. नाही लागला तर तोच मुलगा पानठेल्यावर बसलेला दिसतो आणि आपण त्याला रिकामटेकडा म्हणतो. वास्तविक तीन वर्षे पहाटे चारला उठलेला, व्यसनापासून दूर राहिलेला, स्वतःच्या शरीराला शिस्त लावलेला तो तरुण आहे. शाळेत खेळ शिकवायला, नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांना वाट दाखवायला, आपत्तीच्या वेळी धावून जायला, धाकट्यांच्या हातात घड्याळ घेऊन उभे राहायला त्याच्यापेक्षा लायक कोण? बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे खाते बुडीत नाही. आपण ते कधी नीट वाचलेच नाही.

जिल्ह्याने मॅरेथॉन भरवावी, झेंडा दाखवायला पाहुणे बोलवावेत, हरकत नाही. पण त्याआधी एका गावात एक फेरा मोजून आखला जावा, एक पाण्याची टाकी बसावी, एक रक्ताचा थेंब तपासला जावा आणि एक वही उघडली जावी. धावायचे काम मुले करतीलच. ते त्यांनी आपल्या परवानगीची वाट न पाहता कधीच सुरू केले आहे. उरलेले काम आपले आहे, आणि त्याला धावावेही लागत नाही. पहाटे उठून रस्त्याच्या कडेला उभे राहिले तरी पुरे.